खांबावरचे पान: अकँथसची अडीच हजार वर्षे

अकँथस ही भूमध्य समुद्राच्या काठची वनस्पती. कोरड्या माळावर, शेताच्या बांधाला, पडक्या भिंतींच्या आडोशाला ती आपोआप उगवते. पाने मोठी, खोल कातरलेली आणि जमिनीलगत गुच्छाने येणारी. उन्हाळ्याच्या तोंडाशी त्या गुच्छातून फुलांचा उंच दांडा वर येतो. ग्रीस आणि इटलीत तिच्या दोन जाती प्रामुख्याने दिसतात. एकीची पाने रुंद व मऊ असतात, दुसरीची अरुंद, टोकदार आणि काटेरी. आपल्याकडचे अडुळसा, कोरांटी आणि कारवी हे याच कुळातले. कोकणच्या खाड्यांत खारफुटीबरोबर वाढणारी निळ्या फुलांची मरांडी तर थेट अकँथस प्रजातीतलीच आहे. या वनस्पतीला ना खाण्याजोगे फळ, ना मनात भरण्याजोगा वास. तरीही युरोपच्या वास्तुकलेत इतर कोणत्याही पानापेक्षा हेच पान अधिक कोरले गेले. ग्रीक देवळांपासून अमेरिकेच्या संसद भवनापर्यंत आणि गोव्याच्या चर्चमधल्या सोनेरी वेदीपर्यंत ते पोचले.

त्याचे मुख्य स्थान म्हणजे कॉरिंथियन खांबाचे शीर्ष. या शीर्षाचा गाभा खालून वर रुंदावत जाणारा, टोपलीसारखा असतो. त्याभोवती पानांच्या दोन ओळी असतात, प्रत्येकीत आठ पाने. वरची ओळ खालच्या ओळीच्या फटींतून डोकावते. पानांच्या मागून पन्हळीदार देठ वर येतात, त्यांतून दोन-दोन वेलांट्या फुटतात. मोठ्या वेलांट्या चारही कोपऱ्यांकडे झेपावून वरच्या पाटाला टेकू देतात आणि लहान वेलांट्या मधोमध एकमेकींना भिडतात. पाटाच्या चारही बाजू आत वळलेल्या असतात आणि प्रत्येक बाजूच्या मध्यावर एक फूल असते. वजन पाटावरून गाभ्यात उतरते, पाने काहीही पेलत नाहीत. पण पानाची शेंडी बाहेर वळून खाली झुकते तेव्हा वरचा सारा भार त्या वळणाला जाणवत असल्याचा भास होतो. शीर्षाचे सौंदर्य आहे ते या भासात.

या रचनेच्या जन्माची कथा विट्रुव्हियस या रोमन वास्तुविशारदाने इ. स. पू. पहिल्या शतकाच्या अखेरीस लिहिलेल्या ग्रंथात येते. कॉरिंथ नगरातली एक उपवर मुलगी आजारी पडून वारली. तिच्या दाईने तिच्या आवडीची भांडीकुंडी एका टोपलीत भरून ती थडग्यावर ठेवली आणि वरून कौल झाकले. टोपली नेमकी अकँथसच्या मुळावर ठेवली गेली होती. वसंतात पाने फुटली, टोपलीच्या कडेने वर चढली आणि कौलाच्या कोपऱ्यांना अडून बाहेर वळली. कॅलिमाखस नावाचा शिल्पकार तिथून जात होता. त्याला ती आकृती भावली आणि तिच्यावरून त्याने कॉरिंथच्या लोकांसाठी खांब घडवले. कथा इतकी देखणी आहे की पुढे पंधराशे वर्षांनी युरोपने ती अक्षरशः खरी धरली आणि चित्रकारांनी तिची असंख्य चित्रे काढली.

प्रत्यक्ष पुरावा इतका सरळ नाही. आज ज्ञात असलेले सर्वांत जुने कॉरिंथियन शीर्ष कॉरिंथमधले नाही. पेलोपोनीसच्या डोंगरात बासे येथे अपोलोचे मंदिर आहे, इ. स. पू. पाचव्या शतकाच्या अखेरीस बांधलेले. पौसानियस या प्राचीन प्रवाशाने त्याचे श्रेय पार्थेनॉनचा वास्तुविशारद इक्टिनस याला दिले आहे. या मंदिराचे बाहेरचे खांब डोरिक, आतले आयोनिक, म्हणजे ग्रीकांच्या दोन जुन्या पद्धतींचे; आणि गाभाऱ्याच्या मध्यरेषेवर एकच खांब असा होता, ज्याच्या शीर्षावर अकँथसची पाने होती. १८११-१२ मध्ये इंग्रज व जर्मन अभ्यासकांनी तिथे उत्खनन केले तेव्हा त्यांना हे शीर्ष सापडले, त्यांनी त्याची रेखाटने केली; पुढे मूळ शीर्ष फुटून त्याचे काही तुकडेच उरले. रेखाटनांत दिसते ते शीर्ष अजून बाल्यावस्थेतले आहे. पाने बुटकी, बरीचशी जागा मोकळी. इतक्या मोठ्या मंदिरात असा एकुलता खांब का उभारला असावा यावर पुष्कळ लिहिले गेले आहे. त्याची जागा पाहता त्याला काही धार्मिक अर्थ असावा, हे मत पटण्यासारखे आहे.

अकँथस खांबावर चढण्याआधी थडग्यांवर आला होता. त्याच शतकात अथेन्समध्ये मृतांना वाहिल्या जाणाऱ्या पांढऱ्या तेलकुप्यांवर थडग्याच्या शिळा रंगवलेल्या असत, आणि काही शिळांच्या माथ्यावर या पानांचा झुपका दिसतो. विट्रुव्हियसच्या कथेत थडगे येते ते बहुधा म्हणूनच. तिच्यातले प्रसंग रचलेले असतील, पण पानाचा मृत्यूशी असलेला संबंध तिने जपला आहे.

तरी पान खांबावर आले कसे, हा प्रश्न उरतोच. अलॉइस रीगल या व्हिएन्नाच्या कला-इतिहासकाराने १८९३ मध्ये त्याला धक्कादायक उत्तर दिले. त्याच्या मते कोणा शिल्पकाराने झुडूप पाहून पान कोरले, हे घडलेच नाही. ग्रीक कलेत त्याआधीपासून पंख्यासारख्या पाकळ्यांची एक आकृती होती, पामेट. तिचे मूळ इजिप्तच्या कमळात होते आणि पश्चिम आशियातून फिरत ती ग्रीसमध्ये आली होती. सपाट चित्रातली ही आकृती उठावात कोरताना तिच्या पाकळ्या वळल्या, कडा कातरल्या गेल्या आणि त्यातून जे रूप तयार झाले त्याला लोकांनी मागाहून अकँथस म्हटले. याउलट मोरित्झ मॉयरर या जर्मन शिक्षकाने १८९६ मध्ये झाडाच्या बारकाईच्या अभ्यासावरून दाखवले की सर्वांत जुन्या कोरीव आकृत्या फुलांच्या दांड्यावरच्या लहान, काटेरी पानांशी जुळतात, म्हणजे कोरणाऱ्याने झाड पाहिलेच होते. अथेन्सच्या एरेक्थेऑन मंदिरातली पट्टी पाहिली तर दोघेही आपापल्या जागी बरोबर वाटतात. पट्टीचा सांगाडा जुन्या पामेटचा आहे. पण वेलीला फाटा फुटतो त्या सांध्यावर एक खरेखुरे कातरलेले पान येऊन बसले आहे. जुन्या नक्षीत झाडाने असा प्रवेश केला. नक्षीवरून नक्षी काढायची की झाडाकडे परत जायचे, हा प्रश्न या पानाच्या इतिहासात इथून पुढे प्रत्येक युगाला पडला आणि प्रत्येकाने त्याचे वेगळे उत्तर दिले.

ग्रीकांकडे इतरही पाने होती. तुळईच्या खालच्या गोलाईवर बदामाच्या आकाराची पाने आणि त्यांच्यामध्ये भाल्याची टोके अशी अखंड माळ कोरत. अंड्यासारख्या आकारांची माळ याच घराण्यातली. लॉरेल, ऑलिव्ह, आयव्ही, द्राक्षवेल ही पाने देवांशी आणि विजयाशी जोडलेली होती. पण ती बहुतेक पट्ट्यांत आणि हारांत राहिली. संपूर्ण खांबाचे रूप ठरवण्याचा मान अकँथसलाच मिळाला.

इ. स. पू. चौथ्या शतकात शीर्षाची घडण पक्की झाली. एपिडॉरस येथील गोल मंदिराच्या अवशेषांत एक अप्रतिम शीर्ष जमिनीत जपून पुरलेले सापडले आणि आज ते तिथल्याच संग्रहालयात आहे. त्यात पाने आणि वेलांट्या यांचा तोल पूर्णपणे साधला आहे. तोपर्यंत हे खांब इमारतीच्या आतच असत. अथेन्समध्ये इ. स. पू. ३३५-३३४ मध्ये लायसिक्रेटीस नावाच्या धनिकाने आपल्या वृंदगायकांच्या विजयाचे स्मारक उभारले, आणि त्याच्या गोल भिंतीत बसवलेले सहा खांब हे इमारतीच्या बाहेर वापरलेले सर्वांत जुने ज्ञात कॉरिंथियन खांब ठरले. लहानसे, उंच चौथऱ्यावरचे हे स्मारक पुढे एका फ्रेंच मठाच्या इमारतीत सामावले गेले आणि त्यामुळेच वाचले.

नव्या शीर्षाच्या लोकप्रियतेला एक व्यावहारिक कारणही होते. आयोनिक शीर्षाला पुढची आणि बाजूची अशी वेगळी तोंडे असतात, त्यामुळे रांगेच्या कोपऱ्यावरच्या खांबासाठी तडजोड करावी लागते. डोरिक पद्धतीतही कोपऱ्यावर वरच्या पट्टीचे मोजमाप जुळत नाही. कॉरिंथियन शीर्ष चारही बाजूंनी सारखे. कोपऱ्यावर, गोल दालनात, कुठेही ते अडचण न आणता बसते. शिवाय त्यामुळे खांब सडपातळ आणि उंच करता येतो. इ. स. पू. १७४ मध्ये सीरियाचा राजा चौथा अँटायोकस याने अथेन्सच्या ऑलिंपियन झ्यूसच्या रखडलेल्या मंदिराचे काम पुन्हा सुरू केले तेव्हा त्याच्या कॉस्युशियस नावाच्या रोमन वास्तुविशारदाने हीच पद्धत निवडली. ते खांब सुमारे १७ मीटर उंच आहेत. मंदिर पूर्ण व्हायला सम्राट हेड्रियनचा काळ उजाडला, इ. स. १३१-३२. मधल्या काळात रोमन सेनापती सुल्लाने तिथले काही खांब रोमला नेले, असे रोमन लेखक प्लिनीने नोंदले आहे.

रोमने हे पान उचलले आणि राज्याचे चिन्ह केले. ऑगस्टसच्या राजवटीची थोर कृती म्हणजे आरा पाचिस, शांतीची वेदी, इ. स. पू. ९ मध्ये तिचे अर्पण झाले. तिच्या संगमरवरी भिंतींच्या खालच्या अर्ध्या भागावर अकँथसच्या एकेका गुच्छातून फुटलेल्या वेली पसरल्या आहेत. एकाच वेलीला द्राक्षे, आयव्ही, लॉरेल आणि तऱ्हेतऱ्हेची फुले लागलेली दिसतात, निसर्गात जे कधीच होणार नाही असे. त्यांच्यात सरडे, बेडूक, साप दडलेले आहेत आणि वर हंस पंख पसरून उभे आहेत. यादवी युद्धांनी होरपळलेल्या प्रजेला सुबत्तेचे युग परत आल्याचे सांगणारी ही शिल्पे आहेत. वरच्या भागात राजघराण्याची मिरवणूक आहे आणि लेखकांनी तिच्यावरच अधिक लिहिले आहे. कोरीव कामाचे खरे वैभव मात्र खालच्या वेलींत आहे. पानाची प्रत्येक पाळी वेगळी वळते आणि तरी कुठेही गर्दी होत नाही.

रोमन शीर्षे घडत कशी, हे अर्धवट राहिलेल्या दगडांवरून कळते. आधी चौकोनी चिरा घेऊन वर पाटाची आणि खाली स्तंभदंडाच्या व्यासाची रेघ मारत. मग गाभा गोलसर उतरवत आणि परिघाचे आठ भाग करत. प्रत्येक भागात पानाचा केवळ सपाट ढोबळ आकार काढला जाई, पुढे झुकलेल्या शेंडीसह. या टप्प्यावर शीर्ष उभे करून पुढचे काम जागेवर करता येई, म्हणजे वाहतुकीत नाजूक कडा मोडत नसत. त्यानंतर पानाच्या पाळ्या वेगळ्या करत, मधली शीर काढत आणि शेवटी दोन पाळ्यांच्या मधल्या खाचेत दोरीने फिरवायच्या सामत्याने भोके पाडत. हीच भोके लांबून डोळ्यांसारखी काळी दिसतात आणि उन्हात पान उठून दिसते. विट्रुव्हियसने शीर्षाची उंची खांबाच्या बुडाच्या व्यासाइतकी ठरवली होती; प्रत्यक्षात ती त्याहून थोडी अधिकच ठेवली जाई. काही ठिकाणी काम मुद्दामच ढोबळ टप्प्यावर थांबवले. कलोसियमच्या वरच्या मजल्यांवरची कॉरिंथियन पाने गुळगुळीत आहेत, कारण इतक्या उंचीवरचे बारीक कातरकाम खालून कोणाला दिसणार नव्हते.

ग्रीकांचे पान टोकदार होते, रोमनांचे रुंद आणि गोलाईदार झाले, कधीकधी पाळ्या ऑलिव्हच्या पानांसारख्या सुट्या. रोमनांनी आयोनिकच्या मोठ्या वेलांट्या या पानांवर बसवून एक मिश्र शीर्षही तयार केले. टायटसच्या कमानीवर ते दिसते. ते अधिक भरगच्च, विजयाच्या प्रसंगाला साजेसे आहे, पण कॉरिंथियनची चपळाई त्याच्यात नाही. पँथिऑनच्या द्वारमंडपात इजिप्तच्या ग्रॅनाइटचे दंड आणि त्यांवर ग्रीसच्या पांढऱ्या संगमरवराची शीर्षे आहेत. साम्राज्याच्या दोन टोकांचा दगड एका खांबात जोडलेला.

या पानाच्या प्रवासाची एक शाखा पूर्वेकडे गेली. अलेक्झांडरनंतर अफगाणिस्तानात अमू दर्याच्या काठी वसलेल्या आय खानुम या ग्रीक नगरात कॉरिंथियन शीर्षे सापडली. पुढे इसवी सनाच्या पहिल्या शतकांत गांधारच्या बौद्ध विहारांत ती स्थानिक झाली. जमालगढी येथून ब्रिटिश म्युझियममध्ये गेलेल्या शीर्षांवर पानांच्या मधोमध ध्यानस्थ बुद्ध बसलेला आहे. भारतीय उपखंडाच्या इतर भागात मात्र हे पान तेव्हा रुजले नाही. इथे खांबाचे स्वतःचे पल्लवित रूप होते, घटपल्लव: पाण्याने भरलेल्या घड्यातून उतू जाणारी पाने. अजिंठा आणि वेरूळच्या लेण्यांतील खांबांवर ते पाहायला मिळते. कॉरिंथियन टोपलीशी त्याचे साम्य वरवरचे आहे. त्याचा अर्थ मंगल कलशाचा आहे.

रोमन साम्राज्याचा पूर्व भाग कॉन्स्टँटिनोपलभोवती उभा राहिला तेव्हा कोरीव कामाचे केंद्र मार्मारा समुद्रातल्या प्रोकॉनेसस बेटाकडे सरकले. तिथल्या खाणींत शीर्षे मोठ्या संख्येने घडत आणि गलबतांतून भूमध्य समुद्रभर जात. सिसिलीच्या मार्झामेमी गावाजवळ सहाव्या शतकातले एक बुडालेले गलबत सापडले. त्यात चर्चसाठी लागणारे संगमरवरी खांब, शीर्षे आणि व्यासपीठाचे भाग होते. पान या काळात पूर्ण बदलले. उठाव कमी झाला, कडा बारीक दातेरी झाल्या आणि सामत्याचे काम इतके वाढले की पृष्ठभाग जाळीसारखा दिसू लागला. कॉन्स्टँटिनोपलच्या हागिया सोफियात (इ. स. ५३२ ते ५३७) पाने जणू गाभ्यावर ताणून बसवलेल्या जाळीदार वस्त्रात विरली आहेत आणि मध्ये सम्राट जस्टिनियन व सम्राज्ञी थिओडोरा यांची अक्षरचिन्हे आहेत. सीरियातल्या संत सिमऑनच्या चर्चमध्ये आणि थेसालोनिकीत आणखी एक विलक्षण प्रकार आहे: शीर्षाभोवतीची सगळी पाने एकाच दिशेला वळलेली, वाऱ्याच्या झोताने कलल्यासारखी. निर्जीव नक्षीत हालचाल आणण्याचा इतका साधा आणि इतका प्रभावी उपाय दुसरा क्वचितच कोणाला सुचला असेल.

इस्लामी वास्तुकलेनेही हे पान उचलले. जेरुसलेमचा कुब्बत अस्-सख्रा, म्हणजे खडकावरचा घुमट (इ. स. ६९१-९२), बांधणाऱ्यांनी आतल्या भिंतींवर काचेच्या तुकड्यांच्या नक्षीत याच वेली पसरवल्या. स्पेनमध्ये कोर्दोबाच्या मशिदीत जुन्या इमारतींची शीर्षे पुन्हा वापरली गेली. दहाव्या शतकात त्या नगराजवळ मदिनत अल्-झहरा हा राजवाडा उभा राहिला तेव्हा तिथल्या कारागिरांनी कॉरिंथियन सांगाडा तसाच ठेवून पाने सामत्याने इतकी पोखरली की ती मधमाश्यांच्या पोळ्यासारखी दिसतात. इस्लामी कलेतील अखंड वळत जाणाऱ्या वेलीचे मूळही रीगलने याच अकँथसच्या वेलीत शोधले, आणि ते मत बऱ्याच अंशी टिकून आहे.

पश्चिम युरोपात रोमन पानाची आठवण पुसली गेली नाही. शार्लमेनने आखेनच्या आपल्या प्रार्थनागृहासाठी रोम आणि राव्हेन्नाहून खांब आणवले. बाराव्या शतकातल्या फ्रेंच चर्चमध्ये पाने आणि बायबलमधले प्रसंग एकाच शीर्षावर गुंफले जाऊ लागले. मात्र तेराव्या शतकात गॉथिक शिल्पकारांनी अकँथस बाजूला ठेवला आणि आपल्या शिवारातली पाने पाहिली. इंग्लंडमध्ये साउथवेल येथील चर्चच्या सभागृहात ओक, हॉथॉर्न, मेपल, द्राक्षवेल, हॉप आणि आयव्हीची पाने इतक्या अचूकपणे कोरली आहेत की वनस्पतिशास्त्राचा विद्यार्थी ती झटकन ओळखतो. कला-इतिहासकार निकोलाउस पेव्हस्नरने १९४५ मध्ये या पानांवर स्वतंत्र पुस्तक लिहिले. नक्षी सोडून झाडाकडे जाण्याचा हा पहिला मोठा टप्पा. तो फार टिकला नाही. पुढच्या शतकात पाने पुन्हा ठरावीक, फुगीर आणि एकसारखी झाली.

पंधराव्या शतकात फ्लॉरेन्सने जुन्या रोमकडे नजर वळवली. ब्रुनेलेस्कीने १४१९ मध्ये सुरू केलेल्या अनाथाश्रमाच्या ओवरीत सडपातळ खांबांवर पानांची साधी, मोकळी शीर्षे बसवली. विट्रुव्हियसचा ग्रंथ छापून सगळीकडे पोचला, त्याची सचित्र आवृत्ती १५११ मध्ये निघाली. त्यानंतर सेर्लिओ (१५३७), विन्योला (१५६२) आणि पल्लादिओ (१५७०) यांनी खांबांचे नियम मोजमापांसह मांडले. या पुस्तकांनी पान सर्वदूर नेले, आणि ते बांधूनही टाकले. रोमन अवशेषांत एकाही शीर्षाचे पान दुसऱ्याशी हुबेहूब जुळत नव्हते. पुस्तकात एकच प्रमाण पान होते. ज्याने रोम कधी पाहिले नव्हते असा कारागीरही आता कॉरिंथियन खांब घडवू शकत होता.

गोव्यात हे पान याच वाटेने आले. जुन्या गोव्याचे से कॅथेड्रल बाहेरून साध्या टस्कन पद्धतीचे आहे, आत मात्र कॉरिंथियन. सतराव्या शतकात इटालियन थिएटाइन धर्मगुरूंनी बांधलेल्या संत कायतान चर्चने रोमच्या सेंट पीटरचा नमुना घेतला आणि दर्शनी भागावर कॉरिंथियन खांब उभे केले. जांभ्या दगडात बारीक पान कोरता येत नाही. म्हणून गोव्यातला खरा अकँथस लाकडात आहे. चर्चच्या वेदींच्या मागे उभ्या असलेल्या, सोन्याचा वर्ख चढवलेल्या उंच चौकटींवर गोमंतकीय सुतारांनी या पानांच्या वेली कोरल्या. देवळांच्या लाकडी कामावर वेलपत्ती कोरणाऱ्या परंपरेतले हे हात असल्याने त्या वेलींना युरोपीय नमुन्यापेक्षा अधिक भर आणि गोलाई आहे. जगाच्या दुसऱ्या टोकाला नॉर्वेतही लाकडात असेच घडले. १६९९ मध्ये ओस्लोच्या कॅथेड्रलमध्ये अकँथसने मढवलेली वेदी बसवली गेली. तिथून ती तऱ्हा डोंगराळ खोऱ्यांत गेली, आणि अठराव्या शतकात याकोब क्लुकस्ताद या ग्रामीण कारागिराने लेस्या येथील चर्चमध्ये तिला असे काही उसळते रूप दिले की आज ती नॉर्वेची स्वतःची लोककला मानली जाते. तिथे हे झाड रानात उगवतही नाही.

अठराव्या शतकाच्या मध्यावर मोजपट्टी घेऊन प्रवास करणाऱ्यांनी पुस्तकातले प्रमाण पान मोडून काढले. रॉबर्ट वुडचा पाल्मिरावरचा ग्रंथ १७५३ मध्ये आला, आणि १७६२ मध्ये जेम्स स्टुअर्ट व निकोलस रेव्हेट यांनी अथेन्सच्या वास्तूंची अचूक मापे प्रसिद्ध केली. विसरलेले लायसिक्रेटीसचे स्मारक एकदम युरोपच्या आवडीचे झाले. एडिंबराच्या टेकडीवर आणि फिलाडेल्फियाच्या व्यापारी भवनाच्या माथ्यावर त्याच्या प्रतिकृती उभ्या राहिल्या. आता विशारदापुढे एक पान नव्हते, निवडायला अनेक होती.

नव्या देशांना स्वतःचे पान हवेसे वाटले, हे समजण्याजोगे आहे. त्याआधी फ्रान्सने व्हर्सायच्या आरसेमहालात शीर्षावर राजचिन्हातले लिलीचे फूल आणि कोंबडे घालून ‘फ्रेंच’ पद्धत काढली होती. अमेरिकेत वास्तुविशारद बेंजामिन लॅट्रोबने १८०९ मध्ये वॉशिंग्टनच्या संसद भवनातल्या खांबांवर मक्याची कणसे कोरून घेतली. आपल्या बाकी साऱ्या कामापेक्षा या कणसांचेच सदस्यांनी अधिक कौतुक केले, असे त्याने जेफरसनला कळवले. नंतर त्याने तंबाखूच्या पानांचीही शीर्षे केली. सांगाडा अर्थातच कॉरिंथियन राहिला.

त्याच काळात साचा आला. खडू, सरस, जवसाचे तेल आणि राळ यांचे मिश्रण लाकडी साच्यात दाबले की तासाभरात पान तयार होई. ब्रिटिश वास्तुविशारद रॉबर्ट अ‍ॅडमच्या काळातल्या घरांत छत आणि शेकोट्या अशा पानांनी भरल्या. पुढे ओतीव लोखंडाने यावर कडी केली. न्यूयॉर्कमधल्या १८५७ च्या हॉवाउट इमारतीचा दर्शनी भाग डॅनियल बॅजरच्या कारखान्यात ओतला गेला. कॉरिंथियन खांबांच्या एकसारख्या रांगा मजल्यांमागून मजले चढत जातात.

या एकसारखेपणाविरुद्ध सर्वांत मोठा आवाज इंग्रज कलासमीक्षक जॉन रस्किनचा होता. ‘द स्टोन्स ऑफ व्हेनिस’ या १८५१ ते १८५३ मधल्या ग्रंथात त्याने साच्यातल्या पानाला कारागिराच्या गुलामीची खूण ठरवले. कोरणाऱ्याला विचार करण्याची मोकळीक असेल तरच पान जिवंत होते, असे त्याचे म्हणणे होते. हे म्हणणे ऑक्सफर्डच्या विद्यापीठ संग्रहालयात (१८५५ ते १८६०) प्रत्यक्षात उतरले. प्रत्येक खांब ब्रिटनमधल्या वेगळ्या दगडाचा. शीर्षावर प्रत्येकी वेगळी वनस्पती. आयर्लंडहून आलेले जेम्स आणि जॉन ओ’शे हे भाऊ वनस्पती उद्यानातून आणलेली ताजी झाडे समोर ठेवून कोरत. पुढे विद्यापीठाच्या कारभाऱ्यांशी त्यांचे बिनसले, पैसाही अपुरा पडला आणि बरीच शीर्षे कोरायची राहिली. जे झाले आहे ते इतके ताजे आहे की साउथवेलनंतर अशी पाने कोणी कोरली नव्हती.

ओवेन जोन्सचे मत वेगळे होते. ‘द ग्रामर ऑफ ऑर्नामेंट’ या १८५६ च्या भव्य चित्रग्रंथात त्याने रोमन पद्धतीवर, पानातून पान आणि त्यातून पुन्हा पान काढत जाण्यावर, टीका केली; शेवटच्या चित्रपत्रांत खऱ्या पानांची रेखाटने दिली. झाडाची नक्कल न करता त्याच्या वाढीचा नियम घ्यावा, असा त्याचा आग्रह होता. विल्यम मॉरिसने १८७५ मध्ये ‘अकँथस’ नावाचा भिंतकागद काढला. तो छापायला ३० लाकडी ठसे लागत. त्यातली मोठी, एकमेकांवर वळलेली, गडद हिरवी पाने शीर्षावरून उतरून भिंतभर पसरली आहेत.

मुंबईला या वादाचा थेट लाभ झाला. सर जमशेदजी जीजीभॉय कलाशाळेत १८६५ मध्ये लॉकवुड किपलिंग वास्तुशिल्प शिकवायला आले. त्यांच्याबरोबर जॉन ग्रिफिथ्सही होते. गॉथिक पुनरुज्जीवनाच्या पद्धतीने मुंबईत सरकारी इमारती उभ्या राहत होत्या आणि प्रत्येक शीर्षावर वेगळे पान हवे होते. फ्रेडरिक विल्यम स्टीव्हन्स यांनी १८७८ मध्ये सुरू केलेल्या व्हिक्टोरिया टर्मिनसचे, आजच्या छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसचे, पाने, फुले, पक्षी आणि प्राणी यांचे कोरीव काम ग्रिफिथ्सच्या देखरेखीखाली याच शाळेच्या विद्यार्थ्यांनी केले. तिकीटघराच्या दालनात मान वर करून पाहिले तर शेजारशेजारच्या खांबांवरची पाने वेगवेगळी दिसतात. त्याआधी पन्नासएक वर्षे, १८३३ मध्ये पूर्ण झालेल्या टाउन हॉलच्या दर्शनी डोरिक खांबांवर एकही पान नाही. आज एशियाटिक सोसायटी असलेल्या या इमारतीच्या पायऱ्यांवरून निघून स्थानकापर्यंत चालत गेले तर त्या शतकातल्या आवडीचा पालट डोळ्यांनी पाहता येतो.

झाडाकडे परतण्याची ओढ शतक संपताना जर्मनीत कॅमेऱ्यापर्यंत गेली. मॉयररचा मदतनीस कार्ल ब्लॉसफेल्ट वनस्पतींच्या देठांची, कळ्यांची, पानांची कित्येक पट मोठी छायाचित्रे विद्यार्थ्यांना शिकवण्यासाठी घेत असे. १९२८ मध्ये ती पुस्तकरूपाने आली तेव्हा नेच्याच्या वळलेल्या शेंड्यांत आणि अकँथसच्या कातरांत लोकांना जुन्या वास्तुकलेची रूपे दिसली. अमेरिकेत लुई सलिव्हनने बफेलोची गॅरंटी इमारत (१८९६) भाजलेल्या मातीच्या नक्षीने मढवली. बीजातून फुटणारी त्याची पाने कोणत्याही जुन्या शीर्षावरून घेतलेली नाहीत, आणि तरी अकँथसचा जोम त्यांच्यात आहे. व्हिएन्नात आडॉल्फ लूसने १९१० च्या सुमारास अलंकरणालाच मागासलेपणा ठरवले. पहिल्या महायुद्धानंतर काच, पोलाद आणि काँक्रीटच्या वास्तुकलेने त्याची बाजू घेतली आणि पान कोरणाऱ्या कार्यशाळा एकामागून एक बंद पडल्या.

कोरणे थांबले तरी मागणी थांबली नाही. जुन्या चर्चची आणि सार्वजनिक इमारतींची डागडुजी करणाऱ्या पाथरवटांना आजही हे पान शिकावे लागते. त्यांचा क्रम रोमन कार्यशाळेचाच आहे, आधी ढोबळ आकार, मग पाळ्या, मग खाचा, शेवटी शिरा. बाकी सगळीकडे पान साच्यातून येते. महाराष्ट्रातल्या शहरांत आणि तालुक्याच्या गावांत बंगल्यांच्या ओसरीवर, मंगल कार्यालयांच्या दारात प्लास्टर ऑफ पॅरिस, सिमेंट किंवा फायबरची कॉरिंथियन शीर्षे बसवली जातात. एका साच्यावरून दुसरा साचा काढताना पानाच्या खाचा दरवेळी थोड्या बुजतात; आधी सामत्याची भोके जातात, मग पाळ्यांच्या कडा, आणि शेवटी पुढे झुकलेली शेंडी तेवढी उरते.